रिटर्न भरला, माल परत आला नाही

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात आमचं केळीचं शेत आहे. तिथं विहिरीजवळच्या निंबाखाली ठिबकच्या नळ्यांचा एक ढीग पाच वर्षांपासून पडून आहे. वापरून वापरून संपलेल्या नळ्या नव्हेत या. दुसऱ्याच उन्हाळ्यात ड्रिपरच्या कडेनं त्यांना बारीक चिरा पडल्या आणि केळीच्या बुडाशी पडायचं पाणी दोन ओळींच्या मधोमध उडायला लागलं. दुकानदाराकडे तक्रार केली. आठवड्याभरात कंपनीचा माणूस आला, नळीवर छापलेला बॅच नंबर त्यानं टिपून घेतला, फोटो काढले, आणि महिन्याच्या आत नवी बंडलं शेतात आली. एक रुपया लागला नाही. ग्राहक म्हणून आमची काही तक्रार उरली नाही.

मग नानांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, दुकानदाराला विचारलं, "या खराब नळ्या कधी नेणार?"

"कंपनी नेत नाही नाना. राहू द्या तुमच्याकडंच. फक्त प्रत्येक बंडल दोन-तीन ठिकाणी कापा आणि फोटो मला व्हॉट्सॲपवर टाका. म्हणजे तोच माल दुसऱ्याच्या नावानं पुन्हा दाखवता येत नाही."

नानांनी विळ्यानं नळ्या कापल्या, मी फोटो काढले. कंपनीच्या दफ्तरी तो माल त्या दिवशी नष्ट झाला. निंबाखाली तो अजून आहे.

या गोष्टीकडे मला फक्त शेतकऱ्याच्या नजरेनं बघता येत नाही. अकरा वर्षं मी जळगावच्या एका पाइप कारखान्यात गुणवत्ता विभागात काढली आहेत. तिथं 'रिटर्न' या शब्दाचे दोन अर्थ होते. एक रिटर्न भरायचा असतो. घातक कचऱ्याचं विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत, ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं पर्यावरण विवरण फॉर्म ५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत, आणि प्लास्टिकच्या वेष्टनाचा हिशेब केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. दुसरा रिटर्न येतो. बाजारातून परत आलेला, ग्राहकानं नाकारलेला माल. पहिल्याला तारीख असते, जबाबदार माणूस असतो, चुकलं तर दंड असतो. दुसऱ्याला डिस्पॅचच्या शेडमागचा कोपरा असतो. या दोन रिटर्नांची एकमेकांशी ओळखच करून दिलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती ओळख झाल्याशिवाय कारखान्याचा मातीवरचा, पाण्यावरचा आणि हवेवरचा भार खऱ्या अर्थानं कमी होणार नाही, मग नियमांचं पालन कितीही चोख असो.

नियम कुचकामी आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पीव्हीसी पाइप उष्णतेत टिकावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत असत. ती काढून टाकण्याचे नियम केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आणले आणि कारखाने कॅल्शियम-झिंकसारख्या पर्यायांकडे वळले. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या पाइपातून शिसं हद्दपार व्हायला लागलं ते या सक्तीमुळे. केवळ सद्भावनेवर सोडलं असतं तर आणखी वीस वर्षं लागली असती. सांडपाणी, धुराडी, घातक कचरा, या सगळ्यांत एमआयडीसीत जी काही शिस्त आली आहे ती प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र रद्द होईल या धाकानं आलेली आहे. मात्र हे बहुतेक नियम कारखान्याच्या फाटकापाशी थांबतात. फाटकाबाहेर गेलेला माल कायद्याच्या दृष्टीनं विकलेला माल असतो, आणि विकलेल्या मालाचं पुढं काय होतं याच्याशी कारखान्याचा संबंध उरत नाही.

हा संबंध जोडण्यासाठीच 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' ही कल्पना निघाली. आपल्याकडं सगळे तिला ईपीआर म्हणतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयाला दिलेल्या अहवालात ती मांडली. कचरा उचलण्याचा खर्च कुणी द्यायचा, हा तिचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा जास्त महत्त्वाचा आहे आणि आपण तो वाटेत सांडला. वस्तू शेवटी बनवणाऱ्याच्याच दारात येणार असेल, तर तो ती मुळातच वेगळी बनवेल. जास्त टिकेल अशी, सहज सुटी होईल अशी, एकाच जातीच्या प्लास्टिकची.

आपल्याकडं २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत ही जबाबदारी होती, पण तिला खरा आकार आला तो फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनं. उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांनी पोर्टलवर नोंदणी करायची. आपल्या वेष्टनाच्या प्रमाणात गोळा करण्याचं लक्ष्य २०२१-२२ साठी २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० टक्के, आणि २०२३-२४ पासून १०० टक्के. शंभर टक्के हा आकडा वाचून मी आमच्या गावच्या नाल्यावर जाऊन उभा राहिलो होतो. खताच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, तंबाखूच्या पुड्या, सगळं जागच्या जागी होतं.

हे असं कसं होतं ते समजून घ्यायला हवं. कंपनीला स्वतःचंच वेष्टन गोळा करावं लागत नाही. त्याच प्रकारचं तेवढ्याच वजनाचं प्लास्टिक देशात कुठंतरी, कुणीतरी पुनर्प्रक्रिया केलं, असं प्रमाणपत्र विकत घेतलं तरी चालतं. जळगावात विकलेल्या पिशवीचं पाप कर्नाटकातल्या कारखान्यात धुतलं जाऊ शकतं. पैशाचा प्रवाह भंगाराकडे वळतो हा त्याचा फायदा मला मान्य आहे. पण ज्या क्षणी जबाबदारीचा कागद होतो, त्या क्षणी तो कागद छापणारेही तयार होतात. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळानं तपासणी केली तेव्हा गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मोजक्या पुनर्प्रक्रियाधारकांनी सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं समोर आलं. जे प्लास्टिक कुणी उचललंच नाही, ते कागदावर पुनर्प्रक्रियेचा दाणा होऊन विकलंही गेलं होतं. यावर लगेच 'तपासण्या वाढवा' असं उत्तर येतं. वाढवाव्यातच. तरी बनावट नसलेल्या, अगदी खऱ्या प्रमाणपत्रातही एक उणीव राहते. त्यातून कारखान्याला आपल्या मालाबद्दल काहीच कळत नाही.

आता खानदेशाच्या दृष्टीनं मोठा प्रश्न. ही जबाबदारी प्लास्टिकच्या वेष्टनाची आहे. नळीचं बंडल प्लास्टिकच्या ज्या पातळ कागदात गुंडाळून येतं, तो कागद या नियमात बसतो. आतली नळी बसत नाही, कारण नळी हे वेष्टन नव्हे, ती वस्तू आहे. ई-कचरा, बॅटऱ्या, टायर, वापरलेलं तेल यांच्यासाठी २०२२ आणि २०२३ मध्ये स्वतंत्र तरतुदी झाल्या. शेतात आयुष्य काढणाऱ्या प्लास्टिकचा कुणाला आठवही झाला नाही.

ते किती असेल, याचा साधा हिशेब मांडतो. पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एका एकराला साधारण २,६५० मीटर नळी लागते. १६ मिलिमीटरची, बऱ्यापैकी जाड नळी मीटरला ४५ ते ५० ग्रॅम भरते. म्हणजे एकराला सव्वाशे किलोच्या आसपास. यात नळ्यांना पाणी पुरवणारा सबमेनचा पीव्हीसी पाइप, फिल्टर, व्हॉल्व्ह धरलेले नाहीत. हजार एकर ठिबक असलेलं गाव रावेर, यावल, चोपड्याकडं नवलाचं नाही. अशा एका गावाच्या शिवारात सव्वाशे टन पॉलिथिन अंथरलेलं आहे आणि काही वर्षांनी ते सगळं निघणार आहे. याशिवाय केळीच्या घडावर चढवायच्या पिशव्या आहेत. टरबूज आणि मिरचीखाली जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर तर २५-३० मायक्रॉनचा असतो. एका हंगामात त्याच्या अशा चिंध्या होतात की गोळा करायला बसलेल्या बाईच्या हातात मातीच जास्त येते. नंदुरबारकडच्या मिरचीच्या शेतांत नांगरटीनंतर ते तुकडे ढेकळांतून डोकावताना मी पाहिले आहेत. त्याच्यावर वेगळंच लिहावं लागेल.

निघालेल्या नळीतली बरीचशी भंगारवाला नेतो, हे खरं आणि मोलाचं आहे. या जिल्ह्यात प्लास्टिक पुन्हा वापरात आणण्याची परंपरा कायद्याच्या कितीतरी आधीची. जळगावची प्लास्टिकची चटई देशभर जाते, परदेशातही जाते, आणि तिच्यात पुनर्प्रक्रिया केलेल्या दाण्याचा मोठा वाटा असतो. गोणीत भरलेलं मळकं प्लास्टिक निवडणाऱ्या, धुणाऱ्या बायकांच्या हातांवर हा सगळा धंदा उभा आहे. पण भंगारवाला भाव बघतो, आणि त्यानं तो बघितलाच पाहिजे. दाण्याचा भाव पडला की क्षार साचलेली, मातीनं भरलेली नळी त्याला नको असते. तेव्हा बांधावर काडी लागते. पॉलिथिनच्या धुरानं डोळे चुरचुरतात, आणि त्यात पीव्हीसीचा तुकडा असला तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. संध्याकाळी तो धूर खाली बसतो, नेमका गुरं घराकडे वळायच्या वेळेला.

माल परत आल्यानं कारखान्यात काय बदलतं, हे मी एकदाच नीट पाहिलं, पण ते विसरलो नाही. शिरपूरकडच्या एका दुकानदारानं तक्रारीची बारा-तेरा बंडलं आमच्या गाडीत टाकून दिली, कारण गाडी रिकामीच परत येत होती. परत मागवायची पद्धत आमच्याकडंही नव्हती. माल दारात आलाच म्हणून आम्ही तो कापून पाहिला. नळी उन्हात टिकावी म्हणून तिच्यात साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी, असावा लागतो. भट्टीत जाळून प्रमाण काढलं तर ते बरोबर होतं. मग पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि गाठी दिसल्या. काजळी सगळीकडे सारखी पसरलीच नव्हती. जिथं गाठ होती तिथं कार्बन होता, शेजारी उघडं प्लास्टिक. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, ते उघडं प्लास्टिक आधी तडकत होतं. बॅच नंबरवरून मागं मागं गेलो तर सगळी बंडलं एकाच मशीनची निघाली. मिश्रणाचा वेग आणि जाळी बदलण्याची वेळ, दोन्हीकडं दुर्लक्ष झालेलं होतं. दोन दिवसांत दुरुस्ती झाली.

नुसते फोटो आले असते तर तक्रारीच्या रजिस्टरमध्ये आम्ही काय लिहिलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. 'अतिउष्णता.' किंवा 'शेतकऱ्यानं आम्ल जास्त सोडलं.' किंवा 'खारीनं कुरतडलं.' या तिन्ही गोष्टी खऱ्याही असतात, म्हणून तर त्या लिहायला सोप्या जातात. ते मशीन तसंच चालत राहिलं असतं आणि दर महिन्याला आणखी काही टन नळी अकाली मरायला शेतात गेली असती. एक नळी सात वर्षांऐवजी तीन वर्षं टिकली, तर तेवढ्याच पिकासाठी दुपटीहून जास्त प्लास्टिक, दुपटीहून जास्त वीज आणि दुपटीहून जास्त कचरा. ही नासाडी कुठल्याच फॉर्ममध्ये दिसत नाही. धुराडं स्वच्छ असतं, सांडपाणी प्रमाणात असतं, रिटर्न वेळेवर भरलेला असतो.

त्याच कारखान्यात मशीन सुरू करताना निघणारी खराब नळी त्याच दिवशी दळून पुन्हा वापरली जात असे. ती स्वच्छ होती, हाताशी होती, आणि तिची किंमत विचारल्यावर सुपरवायझर तोंडपाठ सांगायचा. दोनशे मीटरवरच्या प्लास्टिकला जी किंमत होती, ती साठ किलोमीटरवरच्या त्याच प्लास्टिकला का नसावी?

वाहतुकीमुळे, असं उत्तर मला मिळायचं. बंडलात हवाच जास्त, गाडी भरते पण वजन भरत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि लहान कारखान्यांच्या बाबतीत तो गंभीर आहे. दहा-पंधरा माणसांवर चालणाऱ्या उद्योजकावर उद्या उठून सगळा जुना माल उचलण्याची सक्ती केली तर तो मोडेल, आणि बाजार दोन-चार मोठ्यांच्या हाती जाईल. मला ते नको आहे. पण नवा माल टाकून येणाऱ्या गाड्या बहुतेक वेळा रिकाम्याच परततात, हे मी रोज फाटकावर पाहिलं आहे. तालुक्याच्या ठिकाणी नळी चिरून दाबणारं एक यंत्र बसवलं तर हवेचा प्रश्न सुटतो. ते यंत्र भंगारवाल्यानंच चालवावं, त्याला बाजूला सारून नव्हे. कारखान्यांनी वजनाप्रमाणे त्याचा खर्च वाटून घ्यावा. लहानाचा माल थोडा, म्हणून त्याचा वाटाही थोडा.

दुसरा आक्षेप असा की लोक परत आणून देत नाहीत. मला हा आक्षेप आपल्या माणसांवर अन्याय करणारा वाटतो. गॅसचं रिकामं सिलिंडर कधी कुणी नाल्यात फेकलेलं पाहिलंय? मार्केट यार्डात बारदानाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चोख चालत आला आहे. बॅटरीच्या दुकानात जुनी बॅटरी दिल्याशिवाय नवीचा भाव कमी होत नाही, म्हणून जुनी बॅटरी बरोबर दुकानात पोचते. तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०२२ मध्ये दारूच्या बाटलीवर १० रुपये अनामत लावली, तर बहुसंख्य बाटल्या दुकानात परत यायला लागल्या. जंगलात काचा फेकणारा माणूस तोच होता, फक्त रिकाम्या बाटलीला किंमत आली होती. उलट २०१८ च्या प्लास्टिकबंदीत महाराष्ट्रानं दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत देण्याचं ठरवलं. माझ्या तालुक्यात ते ५० पैसे कुणाच्या हातात पडलेले मी पाहिले नाहीत. पैसे कुणी द्यायचे, पिशवी कुणी न्यायची, हे दुकानदाराला कुणी सांगितलंच नाही. लोक तयार होते, साखळी नव्हती.

ठिबकच्या बाबतीत ती साखळी आयती तयार आहे, आणि याचीच मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. ठिबकवर सरकारचा पैसा आहे. केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळतं. राज्य त्यात भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेतं. त्याच जमिनीवर सात वर्षांनी पुन्हा अनुदान घेता येतं. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो, बिल अपलोड होतं, कंपनी नोंदणीकृत लागते, नळीवर मानकाचा शिक्का लागतो, आणि शेवटी कृषी खात्याचा माणूस शेतात येऊन मोका तपासणी करतो. नव्या नळ्या अंथरल्यात का, याचे फोटो अक्षांश-रेखांशासह निघतात. एवढ्या सगळ्या साखळीत जुन्या नळ्या कुठं गेल्या, हा एक प्रश्न कुणी विचारत नाही.

तो विचारावा. दुसऱ्यांदा अनुदान घेताना जुनी नळी जमा केल्याची वजनासह पावती लागावी. कंपनीला योजनेत नोंदणी टिकवायची असेल तर तिनं परत घेतलेल्या मालाचं वजन दरवर्षी दाखवावं. दुसऱ्या कुणाकडून विकत घेतलेलं प्रमाणपत्र त्यासाठी चालू नये. आणि हमीच्या काळात बदलून दिलेला खराब माल तर विनाअट उचलावा, त्यात चर्चेला जागाच नको. परत आलेल्या मालाची बॅचनिहाय तपासणी करून तिचा सारांश पर्यावरण विवरणाला जोडावा. मग भरायचा रिटर्न आणि आलेला रिटर्न एका टेबलावर येतील. प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यालाही धुराड्यापलीकडचं काही विचारता येईल.

हे झालं की कारखान्यातल्या बैठका बदलतील, असा माझा अनुभवावरून आलेला विश्वास आहे. आज एका हंगामापुरती पातळ नळी स्वस्तात विकायची की नाही, हे फक्त मागणी ठरवते. उद्या तीच नळी वर्षभरात चिंध्या होऊन दारात येणार असेल तर ठरवताना दुसराही माणूस बोलेल. दाब सांभाळणाऱ्या ड्रिपरमध्ये सिलिकॉनचा पडदा असतो. नळीच्या पॉलिथिनमध्ये तो मिसळला की दाणा खराब होतो. तो सहज सुटा होईल अशी रचना करणं अशक्य नाही, पण आजवर ते करायला कुणी सांगितलेलं नाही, कारण वेगळं करण्याचा त्रास कारखान्याला कधी झालाच नाही. तो त्रास धुणाऱ्या बाईला झाला, दाणेवाल्याला झाला, आमच्या जमिनीला झाला.

आमच्या चार एकरांना पुढच्या हंगामात सात वर्षं पूर्ण होतात. नाना आता शेतात फारसे जात नाहीत, अर्ज मीच भरणार आहे. निंबाखालच्या नळ्या गेल्या रविवारी झटकून, बांधून, गावातल्या काट्यावर नेऊन मोजल्या. ३८ किलो भरल्या. शेतात अंथरलेल्या निघतील तेव्हा त्याही मोजीन. मोका तपासणीच्या फॉर्ममध्ये हे वजन लिहायला रकाना नाही, म्हणून बॅच नंबर आणि काट्याची पावती लावून एक वेगळा कागद अर्जाला जोडतोय. त्याची एक प्रत कंपनीला स्पीड पोस्टानं जाईल, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगावच्या कार्यालयाला. नळ्या तोवर निंबाखालीच राहतील. कापलेल्या, पण जाळलेल्या नाहीत.